बर्वेबाईंचा ऐकण्याचा तास

सिंगापूरमध्ये बारा महिने स्वेटर घालणारी एकच बाई मी पाहिली. कडक इस्त्रीची सुती साडी, तिच्यावर स्वतः विणलेला तपकिरी स्वेटर, पायात पांढरे बूट आणि खांद्याला सातारच्या कुठल्याशा दुकानाची कापडी पिशवी, अशा अवतारात शालिनी बर्वे आमच्या क्लासचा जिना चढायच्या. बाहेर जीव नकोसा करणारा उकाडा असायचा आणि लोक वळून वळून पाहायचे. कुणी विचारलंच तर बाई म्हणायच्या, "एसीचं बटण मालकाच्या हातात आहे, स्वेटरची बटणं माझ्या." मालकांनी एसी कधी कमी केला नाही आणि बाईंनी स्वेटर कधी काढला नाही.

क्लास बिशानला, स्टेशनपासून जवळच, एका बेकरीच्या वर होता. चीनमधून बारावी करून आलेली मुलंमुली तिथे यायची. इथल्या विद्यापीठात शिरायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागायची आणि त्या परीक्षेत या मुलांचा जीव दोन पेपरांत अडकायचा, एक ऐकण्याचा आणि एक वाचण्याचा. ऐकण्याच्या पेपरात ध्वनिफीत एकदाच वाजायची. कुणी हॉटेलात खोली मागतंय, कुणी प्राध्यापक व्हेल माशांवर बोलतोय, ते ऐकता ऐकता उत्तरं लिहायची. गणितात शंभर नंबरी असलेली ही मुलं त्या पेपराच्या नावाने पांढरी पडायची.

मी तिथे निबंध शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमागे डिपेंडंट पासवर आलेली, पुण्याची एम.ए. झालेली आणि मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये भिंती मोजून कंटाळलेली, अशा बायकांना सिंगापुरात तोटा नव्हता. बाईही तशाच आल्या होत्या, फक्त पन्नाशी उलटल्यावर. सातारला मुलींच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्या यजमानांना, श्रीधररावांना, उतारवयात जुरोंग ईस्टच्या एका कंपनीत मोठी जागा मिळाली आणि बाईंनी शाळा सोडली. त्याबद्दल त्या अवाक्षर काढत नसत. कुणी विचारलं तर "आले झालं," एवढंच म्हणायच्या.

मी त्यांना बाई म्हणते हे मुलांनी ऐकलं आणि तेच त्यांचं आडनाव समजून 'टीचर बाई' सुरू केलं. चीनमध्ये म्हणे त्या नावाची पुष्कळ घराणी आहेत. चूक सुधारायला मी निघाले तर बाईंनी मला अडवलं. म्हणाल्या, राहू दे गं, बर्वे म्हणताना बिचाऱ्यांच्या जिभेला गाठ पडते. पुढे एका मुलाने त्यांना गंभीरपणे विचारलं की तुमचे पूर्वज कोणत्या प्रांतातून भारतात गेले. बाईंनी तितक्याच गंभीरपणे कोकण हे उत्तर दिलं आणि नकाशावर दाखवलंसुद्धा.

वाचनाच्या तासाला शिरताना त्या दारातच सगळ्यांच्या पेन्सिली काढून घ्यायच्या. या मुलांना प्रत्येक अनोळखी शब्दावर बारीक चिनी अक्षरात अर्थ लिहायची सवय. उतारा अर्धा होईतो वेळ संपलेला आणि कागदावर मुंग्या लागलेल्या. बाई सांगायच्या की कोबी आणायला बाजारात गेलात तर प्रत्येक माशाचा भाव विचारत बसता का. चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारी ही बाई मुलांसमोर मासळीबाजार असा उभा करायची की मला हसू आवरायचं नाही. पण मुलांना पटायचं. पेन्सिल नसलेला हात पहिले काही दिवस कावराबावरा व्हायचा, मग डोळे आपोआप पुढे पळायला लागायचे.

त्यांच्या आणखी एका रिवाजाने तर एकदा गोंधळच उडवला. चीनमधल्या शाळांत दुपारी जेवण झालं की मुलं बाकावर डोकं टेकून झोपतात. इथे ती सोय नव्हती, त्यामुळे दुपारच्या तासाला मुलं डुलक्या घ्यायची आणि बाकीचे शिक्षक त्यांच्यावर खेकसायचे. बाईंनी कारण विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर दिवे बंद करून थोडा वेळ झोप सुरू केली. सातारच्या माणसाला वामकुक्षी समजावून सांगावी लागत नाही. नेमके एके दिवशी मिस्टर कोह, म्हणजे आमचे मालक, नाव घालायच्या विचारात असलेल्या एका मुलाच्या वडिलांना क्लास दाखवायला घेऊन आले. काचेतून पाहतात तर अंधारात सगळी मुलं टेबलावर पालथी आणि बाई खिडकीच्या उजेडात स्वेटर विणतायत. कोह साहेबांना घाम फुटला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच बाहेर येऊन सांगितलं की हा ऐकण्याच्या तासाचाच भाग आहे, कान तापले की त्यांना विसावा लागतो. ते वडील इतके खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी मुलाचं नाव घातलं.

कोह साहेब माणूस वाईट नव्हते. पोटाला लागेल इतकेच व्यापारी होते. बाईंबद्दल त्यांना आदर होता, पण चीनमधले पालक जाहिरातीतले शिक्षकांचे फोटो पाहून फोन करायचे. ऐकण्याच्या पेपराला भारतीय शिक्षिका कशाला, तिचे उच्चार परीक्षेतल्यासारखे कुठे आहेत, गोऱ्या मास्तरांचा वर्ग नाही का, अशी विचारणा वाढायला लागली. शेवटी कोह साहेबांनी बाईंना बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की एवढी एक बॅच बघू या. निकाल चांगला लागला तर पालकांच्या तोंडावर मारता येईल, नाही लागला तर तुम्ही व्याकरण घ्या. बाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "व्याकरण म्हणजे पेन्शन गं. मला इतक्यात नको." त्या हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी डबा त्यांनी तसाच घरी नेला.

आता क्लासमधल्या जुन्या ध्वनिफिती होत्या त्या अनेक बॅचेसनी चावून चोथा केलेल्या. मोठ्या मुलांनी धाकट्यांना उत्तरं पाठ करून दिलेली असायची. अमुक नंबरची फीत म्हटलं की ती सुरू व्हायच्या आत मुलं उत्तरं लिहून मोकळी. बाईंनी त्या सगळ्या कपाटात टाकल्या आणि दर आठवड्याला स्वतः नवे संवाद लिहून मोबाइलवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली. बायकांचे आवाज त्यांचे आणि पुरुषांचे श्रीधररावांचे. ऑफिसातून दमून आलेले श्रीधरराव कधी टॅक्सीवाला व्हायचे, कधी ग्रंथपाल, कधी हरवलेली बॅग शोधणारा प्रवासी. ते सगळ्या भूमिका एकाच सुरात करायचे. मागून कधी कुकरची शिट्टी यायची, तेव्हा बाई सांगायच्या की विमानतळावर आवाज असणारच.

मुलांची प्रगती पाहून सगळे थक्क झाले. दोन महिन्यांत वर्गच्या वर्ग भराभर उत्तरं लिहायला लागला. मिस्टर कोह जिन्यात भेटले की बाईंना वाकून नमस्कार करायचे. मागे राहिली होती ती एकच मुलगी, वेनजिंग. तिला याच पेपराने अगोदर दोनदा पाडलं होतं. तिची आई तिच्याबरोबर आलेली, मुलीच्या शिक्षणासाठी घर सोडून आलेल्या चिनी आयांसारखी. दोघी बिशानलाच एका कुटुंबाच्या फ्लॅटमधल्या भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि आई दिवसभर एका फूडकोर्टात भांडी विसळायची. या खेपेला नाही जमलं तर सामान बांधून परत जायचं, हे मायलेकींचं ठरलेलं होतं. वर्गातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं आणि कुणी तिच्यासमोर त्याचा विषय काढत नसे.

मग सराव परीक्षा आली. दुसऱ्या एका संस्थेच्या मोठ्या हॉलमध्ये, बाहेरून आणलेल्या ध्वनिफितीवर. ऐकण्याच्या पेपरात आमचा अख्खा वर्ग आपटला. वाचनात उत्तम, ऐकण्यात धूळधाण. मुलं रडवेली होऊन परतली. वेनजिंगचेच काय ते गुण घसरले नव्हते, कारण ते अगोदरच तळाला होते.

बाईंनी निकालाचे कागद पाहिले आणि मुलांना फितीत काय होतं ते विचारलं. फितीत एक स्कॉटिश म्हातारा होता, एक ऑस्ट्रेलियन मुलगी होती, भराभर बोलणारा एक अमेरिकन होता. मुलांनी सांगितलं की ते लोक इंग्रजी बोलतच नव्हते. मला वाटलं आता बाई फितीला दोष देतील, नशिबाला देतील. मी तरी दिला असता. त्या म्हणाल्या, "अनघा, मी या पोरांना इंग्रजी नाही शिकवलं गं. मी त्यांना बर्वे शिकवलं." आणि हेच त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून, सोप्या इंग्रजीत, मुलांना सांगितलं. चूक माझी आहे, तुमचे कान चांगले आहेत, आता आपण त्यांना आणखी माणसं दाखवू. चिनी मुलांनी शिक्षकाला असं बोलताना कधी ऐकलं नसावं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी वेळेच्या आधी हजर होती.

परीक्षेला थोडे आठवडे राहिले होते. त्या आठवड्यांत बर्वेबाईंनी सिंगापूरभर आवाज गोळा केले. माझ्या शेजारी मरीन परेडला एक स्कॉटिश आजोबा राहायचे, जहाजावरून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे बाई चकल्या घेऊन गेल्या आणि वादळाची एक गोष्ट घेऊन आल्या. बाईंच्या इमारतीचा तमिळ वॉचमन, डॉक्टरांकडची फिलिपिनो नर्स, श्रीधररावांच्या ऑफिसातला एक ऑस्ट्रेलियन, कुणी सुटलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर लोक प्रसादाच्या रांगेत असताना बाईंनी मँचेस्टरला शिकून आलेल्या खजिनदारांना कोपऱ्यात घेतलं आणि त्यांच्याकडून रेल्वे उशिरा धावत असल्याची घोषणा वदवून घेतली. मागे झांजा वाजत होत्या. मोबाइल धरण्याचं काम माझ्याकडे असायचं आणि खरं सांगते, माझ्या सिंगापुरातल्या सगळ्या वर्षांत ते आठवडे मला सर्वांत सुखाचे वाटतात.

बाई मुलांना हॉकर सेंटरमध्येही, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतही, न्यायच्या. पेयांच्या दुकानावर एक चिनी काका होते, गिऱ्हाइकाशी भांडल्यासारखे बोलणारे. बाईंनी मुलांना ताकीद दिली होती की काकांशी चिनी बोलायचं नाही. काकांनाही ती दिली होती. मुलं घाबरत घाबरत इंग्रजीत कॉफी मागायची, काका तोंडातल्या तोंडात काहीतरी परत विचारायचे, आणि जे समजलं त्याप्रमाणे कप हातात पडायचा. चुकलं तर बिनसाखरेची काळी कॉफी प्यावी लागायची. हळूहळू टेबलावर दुधाची कॉफी वाढत गेली. काका बाईंना सांगायचे, "टीचर, युअर स्टुडंट इंप्रूव्ह ऑलरेडी, लाह." बाईंनाही तो वाक्याच्या शेपटीचा सिंगापुरी 'लाह' इतका चिकटला की श्रीधररावांना त्या घरी "जेवायला बसा, लाह" म्हणायला लागल्या.

वर्ग सावरत होता, वेनजिंग मात्र तिथेच होती. कोह साहेबांनी हिशेब केला. आमच्याकडची बॅच म्हणून परीक्षेला कोण बसलं त्यावर क्लासचा निकाल लागायचा. कच्च्या विद्यार्थ्याचं नाव शेवटच्या क्षणी यादीतून काढून त्याला स्वतंत्र बसवायचं ही तिथल्या सगळ्याच क्लासांची रीत होती. कोह साहेबांनी तसं सुचवलं. मला त्यात बाईंचाच फायदा दिसत होता आणि मी तसं बोललेही. बाई शांतपणे म्हणाल्या की मग माझंही नाव काढा. नाव काढलेल्या पोरीला ते कळल्याशिवाय राहत नाही, आणि कळल्यावर तिला दुसरं काही ऐकू येत नाही. कोह साहेबांनी नाव राहू दिलं, पण बाईंच्या व्याकरणाच्या वर्गाचं वेळापत्रकही करून ठेवलं.

वेनजिंगचं दुखणं बाईंनी ओळखलं होतं. एखादा शब्द निसटला की ती त्याच्यापाशी थांबायची आणि तोवर फीत चार वाक्यं पुढे गेलेली असायची. गेलेला शब्द सोडून देणं तिला जमत नव्हतं. दोनदा पडल्यावर कुणाला जमेल? बाईंनी तिला फिती ऐकवणं बंद केलं. क्लास सुटला की तिला बरोबर घेऊन त्या जुरोंग ईस्टच्या आपल्या घराकडे जाणाऱ्या मेट्रोत बसायच्या. बिशानहून जुरोंग ईस्टला जाणारी लाल लाइन वुडलँड्सला मोठा वळसा घालून जाते. लोक मध्ये गाडी बदलून वेळ वाचवतात, बाई मात्र अख्खा वळसा घ्यायच्या. गाडी सुटली की त्या खिडकीबाहेर बघत इंग्रजीत बोलत सुटायच्या, जे मनात येईल ते. वेनजिंगने थांबवायचं नाही, विचारायचं नाही, लिहायचं नाही. फक्त ऐकायचं आणि उतरल्यावर बाई काय बोलल्या ते सांगायचं.

एकदा मीही त्यांच्याबरोबर होते, जुरोंग ईस्टला श्रीधररावांकडे एक पार्सल द्यायचं होतं म्हणून. बाई त्या दिवशी सातारबद्दल बोलत होत्या. शाळेच्या आवारातली चिंच, मधल्या सुट्टीत तिच्याखाली भांडणाऱ्या मुली, घंटा वाजवणारे शिपाईमामा, बाईंच्या नकला करणारी एक मुलगी जी पुढे त्याच शाळेत शिक्षिका झाली. बोलण्यात हसूच जास्त होतं. मीही हसत होते. जुरोंग ईस्टला उतरल्यावर बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, काय काय ऐकलंस. वेनजिंग फलाटावर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, पुन्हा अडकली.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "टीचर, तुम्हाला परत जायचं आहे. त्या शाळेत."

बाई एक शब्दही तसं बोलल्या नव्हत्या. इतकी वर्षं मी रोज शेजारी बसून डबा खात होते, मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्या म्हणाल्या, "झालं. ही पास." चिंच, घंटा, शिपाईमामा, त्यातलं काहीच त्यांनी पुढे विचारलं नाही. वेनजिंगला त्यांनी परतीच्या गाडीत बसवून दिलं. त्या दिवसापासून ती मुलगी निसटलेल्या शब्दापाशी थांबेनाशी झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कसं झालं ते मला सांगता येणार नाही.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बहिणीच्या लग्नासाठी पुण्याला निघाले. परतायला उशीर झाला आणि तोवर श्रीधररावांचा करार संपून बर्वे सातारला गेलेसुद्धा. बाई आता जुन्या शाळेत बिनपगारी तास घेतात. फोनवर बोलणं होतं, भेट मात्र राहिली ती राहिलीच. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर त्या उभ्या राहतात त्या निकालाच्या दुपारच्या.

वर्गाचा निकाल चांगला लागला होता. दोघे थोडक्यात राहिले, पण वेनजिंग पास झाली होती, ऐकण्याच्या पेपरात लागतात तेवढे गुण मिळवून, त्याहून फार जास्त नाही. कोह साहेबांनी व्याकरणाचं वेळापत्रक फाडून टाकलं आणि सगळ्यांसाठी खालच्या बेकरीतून केक मागवला. त्या गडबडीत वेनजिंग आईला घेऊन आली. बारीक चणीची बाई, फूडकोर्टाचा एप्रन तसाच अंगात, हातात संत्र्यांची पिशवी. पिशवी तिने टेबलावर ठेवली, बाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चिनीतून बोलायला लागली.

वेनजिंग लगेच पुढे होऊन इंग्रजीत सांगू लागली. बाईंनी मान हलवून तिला थांबवलं. "तू नको सांगूस. मला ऐकू दे."

वेनजिंगची आई बोलत राहिली. आवाज चढला, उतरला, मध्ये एकदा ती हसली, मग डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली नाही. बाईंना चिनीतला एक शब्द येत नव्हता. पण त्या तिच्या तोंडाकडे अशा बघत होत्या की वर्गातली मुलं हातातला केक तसाच धरून जवळ सरकली. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी खिडकीकडे वळले नाही, कारण मला एक क्षणही सोडायचा नव्हता.

आईचं बोलून संपलं. मग बाई बोलल्या. इंग्रजीत नाही, मराठीत. "खरं आहे हो बाई. पोर गुणी आहे, पण तुम्ही उभ्या होतात म्हणून ती उभी राहिली. परक्या गावात एकटीने एवढं सगळं काढलंत. दमला असाल. आता जरा बसा निवांत."

बाईंचे हात अजून तिच्याच हातांत होते. वेनजिंग दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या आईने मान हलवली, एक मोठा श्वास सोडला, बाईंचे हात सोडले आणि शेजारची खुर्ची ओढून घेऊन ती बसली.